माहेरचा रकाना

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की तुमच्या ऑफिसात वीस वर्षं जुना प्रोग्रॅम काढून तोच नव्या पद्धतीने लिहायचं काम चाललंय, आणि मूळ प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याचं नावसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही. मागून तुझा भाऊ म्हणाला, "आजीला काय कळणार त्यातलं." तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. पण मला त्यातलं थोडं कळतं. नगरच्या ज्या दवाखान्यात मी बरीच वर्षं कार्यालय सांभाळलं, तिथे असंच एक काम नव्वदच्या दशकात झालं होतं. ते मी करवून घेतलं होतं. आणि जुना प्रोग्रॅम कुणी लिहिला हे मला पक्कं माहीत होतं.

तो दवाखाना एका ट्रस्टचा. श्रीगोंद्यापासून नेवाशापर्यंतच्या बायका बाळंतपणाला यायच्या, आणि बाळंतपणाला आलेली बाई पुढे तापाला, खोकल्याला, विंचू चावल्यालाही तिथेच यायची. मी तिथे कार्यालय अधीक्षक होते. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, टंकलेखनाच्या दोन्ही परीक्षा दिलेली, टेबलावर कागद सरळ रेषेत ठेवणारी. रुग्णांच्या नोंदी सापडत नाहीत म्हणून मी तीन वर्षं खपून कार्डांचं एक कपाट तयार केलं होतं. निळी कार्डं, आडनावाच्या क्रमाने, प्रत्येक खणाला पितळी चौकट. तपासणीला येणारे साहेब ते कपाट उघडून बघत आणि "मॅडम, वा" म्हणत.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास ट्रस्टने एक कॉम्प्युटर घेतला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. तो कुणी चालवायचा हा प्रश्न होता, म्हणून तो टायपिस्टच्या टेबलावर ठेवला. ती टायपिस्ट घोडेगावच्या पलीकडच्या एका गावातली, बौद्ध कुटुंबातली, बत्तीस वर्षांची, आईबरोबर नगरमध्ये एका खोलीत राहणारी. बी. ए. बाहेरून केलेलं. कॉम्प्युटर आल्यावर तिने स्वतःच एका क्लासला नाव घातलं, आणि आठ-नऊ महिन्यांत रुग्णांच्या नोंदींचा एक प्रोग्रॅम लिहिला. फॉक्सप्रो नावाच्या भाषेत. तो लिही असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या कपाटात जे कार्ड शोधायला पाच मिनिटं लागत, ते तिच्या पडद्यावर मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत येई. वर्षभराने कपाट बोळात गेलं आणि सिस्टर लोक त्यात चादरी ठेवू लागल्या.

हे मला लागलं, असं मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. फक्त तिने केलेला चहा मला जास्त गोड लागू लागला, आणि मी माझा चहा घरून थर्मासमध्ये आणू लागले. मी जात मानत नाही असं मी सर्वांना सांगत असे. तिने केलेला चहा कधीच फार गोड नव्हता.

आता तिचा प्रोग्रॅम काय करत असे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरच्या गावात बाईला सगळे लहानपणच्या नावाने ओळखतात, तेव्हा दवाखान्यात बाप तेच नाव सांगतो, गाव माहेरचं सांगतो, कित्येकदा आडनावसुद्धा स्वतःचंच. दोन वर्षांनी तीच बाई सासरहून येते. लग्नात तिचं नाव बदललेलं, आडनाव वेगळं, गाव वेगळं, तालुका वेगळा. कागदावर त्या दोन वेगळ्या बायका. माझ्या निळ्या कार्डांमध्ये अशा किती बाया दोनदा होत्या हे मला कधी कळलं नाही, कारण शोधायचा मार्गच नव्हता. तिने नोंदणीच्या खिडकीवर बसून तो काढला.

"नाव सांगा बाई."

"कंचं सांगू ताई?"

"दोन्ही सांगा. माहेर कुठलं? बापाचं नाव काय?"

"त्ये कशाला लागतंय?"

"लागतंय. माझ्या डब्याला पाठ आहे सगळं, तुमचं नाव घातलं की तुमची लेकरं कधी झाली ते सांगतोय."

रांगेतल्या बाया हसायच्या, आणि सांगायच्या. प्रोग्रॅम मग दोन्ही कार्डं जोडून पडद्याच्या तळाशी एक चांदणी लुकलुकवायचा, म्हणजे या बाईचं माहेरच्या नावाने जुनं कार्ड आहे.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर ट्रस्टने ठरवलं की नवा प्रोग्रॅम घ्यायचा. जुना कॉम्प्युटर कुरकुरत होता, दोन हजार साल लागलं की जुने प्रोग्रॅम बंद पडणार असं वर्तमानपत्रात येत होतं, आणि अध्यक्षांच्या व्याह्यांच्या दवाखान्यात विंडोज आलं होतं. त्याच बैठकीत ठरलं की कॉम्प्युटर विभागात एक जागा कायम करायची, आणि ती कुणाला द्यायची याचा अहवाल अधीक्षकांनी द्यायचा. अधीक्षक म्हणजे मी.

ती तोवर हंगामी होती. दर सहा महिन्यांनी तिला एक दिवस कामावरून कमी करायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमायचं, म्हणजे सलग नोकरी धरली जात नाही. ते दोन्ही आदेश मीच टाइप करत असे, तिला देता येणार नाहीत म्हणून. त्या एका दिवशी ती बाहेरच्या बाकावर रुग्णांमध्ये बसून राहायची. घरी का जात नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कुणाचं कार्ड सापडलं नाही तर हाक मारतात, मॅडम."

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, या वेळी होईल ना?"

"काम बघून ठरेल."

"काम तर तुम्ही रोज बघताय."

"नवीन काम," मी म्हणाले आणि समोरचा कागद सरळ केला.

पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर आला. चाळिशीकडे झुकलेला, टाय लावलेला, बोलायला गोड. तो शक्यतो बुधवारी यायचा, म्हणजे गुरुवारी दवाखान्याच्या जीपने शिर्डी करता येई. जुन्या प्रोग्रॅममध्ये काय काय आहे ते त्याला समजून घ्यायचं होतं. मी तिची खुर्ची त्याला दिली आणि तिला शेजारी स्टूल दिलं. एक्स-रेच्या खोलीत उंच स्टुलं होती, तिथलं न आणता मी औषधांच्या खोलीतलं बुटकं आणवलं. त्यावर बसलं की तिची हनुवटी टेबलाच्या कडेला येई. ती तिथून पडद्याकडे बोट करून सांगायची आणि तो वरून बघायचा.

तिने फायलींना दिलेली नावं वाचून तो हसू लागला. "मॅडम, इकडे या. यांच्या प्रोग्रॅममध्ये सासूपण आहे."

खरोखरच सासू नावाची एक फाइल होती. मी हसले. दारात उभा असलेला शिपाई हसला. "सून कुठंय मग?" तो म्हणाला. "ती असंल की फ्लॉपीत कोंडल्याली." मग पुन्हा सगळे हसले. ती हसली नाही. तिने फाइल उघडून दाखवली. प्रत्येक नावापुढे एका अक्षराचा रकाना होता आणि काही ठिकाणी त्यात इंग्रजी एस होता.

"हे काय?" इंजिनिअरने विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, हे तुम्हाला एकट्यांना सांगते. साहेबांना जरा बाहेर जाऊ द्या."

"जे सांगायचं ते यांच्यासमोर सांगा. प्रोग्रॅम ते लिहिणार आहेत."

ती खालच्या आवाजात बोलली. "काही बायांचं माहेरी झालेलं सासरी माहीत नसतं. कुणाला फीट येत असते. कुणाचं लग्नाआधीचं दुखणं असतं. एखादीला एखादं इंजेक्शन चालत नाही, ती मरता मरता वाचलेली असते. आईबाप पाया पडतात की सासरी कळू देऊ नका, म्हणतील रोगट पोरगी गळ्यात बांधली. अशीच्या कार्डावर मी एस टाकते. मग ती सासूबरोबर आली तर खिडकीवर काही विचारायचं नाही. सासूला म्हणायचं, मावशी, जरा चहा पिऊन या, वेळ लागेल. ती गेली की बाईला विचारायचं आणि चिठ्ठी डॉक्टरांकडे."

"म्हणजे लपवालपवीत आपण सामील," मी म्हणाले.

"सासूसमोर बाई खरं सांगत नाही, मॅडम."

"हा दवाखाना आहे, हळदीकुंकू नाही."

इंजिनिअर इतका मनापासून हसला की मला बरं वाटलं. तिने फाइल बंद केली.

मी तिला सांगितलं की जुन्या प्रोग्रॅमचं लेखी टिपण द्या. चार दिवसांनी तिने अठरा पानं आणून दिली, मराठीत, सुवाच्य अक्षरात, एकेक रकाना कशासाठी आणि तो काढला तर काय होईल ते लिहिलेलं. मी ती पानं चाळली. त्यांत एकही चूक नव्हती आणि माझा राग वाढला. "टिपण इंग्रजीत लागतं. टाइप करून आणा." तिने मोडक्या इंग्रजीत टाइप करून आणलं. मी तीन पानांवर लाल पेन्सिलीने तिचं व्याकरण दुरुस्त केलं आणि परत दिलं. दुरुस्त करून ती पुन्हा घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "आता उशीर झालाय, राहू द्या." उशीर झालेला नव्हता.

रकान्यांची यादी इंजिनिअरने माझ्यापुढे ठेवली, की कोणते ठेवायचे, कोणते नाही. एक माणूस, एक नाव, एक गाव, एक नंबर. मला ते स्वच्छ वाटलं, आणि मी इतकी वर्षं स्वच्छतेसाठीच पगार घेत होते. माहेरच्या नावावर, माहेरच्या गावावर आणि त्या एका अक्षराच्या रकान्यावर मी लाल रेघ मारली. तळाशी सही केली. ती समोर उभी होती.

"मॅडम, बाकी काहीही काढा. एवढं राहू द्या."

"तुम्हाला कायम व्हायचंय ना?" मी विचारलं.

ती स्टुलावर परत जाऊन बसली.

जुन्या फायली नव्या प्रोग्रॅममध्ये ओतल्या तेव्हा माहेरच्या नावाची कार्डं एकटी पडली. तशी हजारो होती. ज्या कार्डावर दोन वर्षांत कुणी आलं नाही किंवा ज्यावर एकच भेट आहे ती बाजूला काढा, असं मी सांगितलं, नाहीतर यादी उगाच फुगते. पहिल्या बाळंतपणाची कार्डं बहुतेक एकाच भेटीची असतात, हे जिला माहीत होतं तिला मी विचारलं नाही. तिने महिनाभर दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवून बघू म्हटलं. मी आठ दिवस दिले. नवव्या दिवशी जुना कॉम्प्युटर ट्रस्टच्या शाळेला गेला. फ्लॉप्या तिने मागून घेतल्या आणि स्वतःच्या खणात ठेवल्या. मी हरकत घेतली नाही, त्या आता कशातच चालणार नाहीत असं मला वाटलं.

नव्या पडद्यावर रंग होते, माउस होता, बटणांवर इंग्रजी होतं. खिडकीवर मी भरभर टाइप करणारी एक नवी मुलगी बसवली आणि टायपिस्टला आतल्या खोलीत जुने कागद भरायला बसवलं. तिथे खिडकी नव्हती. पंधरा दिवसांनी मला कळलं की ती दुपारच्या सुट्टीत बाहेर रांगेत जाऊन बायांशी बोलते आणि माहेरची नावं एका दोनशे पानी वहीत उतरवते. मी वही मागितली.

"ही दवाखान्याची नाही, मॅडम. माझी आहे. मी सुट्टीत लिहिते."

"रुग्णांची माहिती तुमची कशी?"

तिने वही दिली. मी ती कुलपात ठेवली. त्यात काय आहे ते मी उघडून पाहिलंही नाही.

पुढचं घडलं तो दिवस घोडेगावच्या बाजाराचा होता, म्हणजे दवाखान्यातही दुप्पट गर्दी. बैल विकायला आलेली माणसं येता येता घरच्या बाईला दाखवून जात. श्रीगोंद्याकडची एक सून सासूबरोबर आली. पायाला कोयता लागून जखम चिघळलेली, ताप, आणि पोटात सहावा महिना. मी व्हरांड्यातून जात होते, म्हणून पुढचं मी ऐकलं. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारलं, गाव विचारलं, टाइप केलं, आणि पडद्यावर आलं की नोंद नाही. तिने नवा केसपेपर काढला. आत सिस्टरने नेहमीचं विचारलं.

"याआधी कधी इंजेक्शनचा त्रास?"

उत्तर सासूने दिलं. "काय बी न्हाई. आमच्यात आल्यापास्नं पोरगी शिंकली सुदिक न्हाई."

"बाई, तुम्ही सांगा."

सून खाली बघत होती. "न्हाई," ती म्हणाली.

हातावर आधी थेंबभर टोचून बघायची पद्धत होती. त्या गर्दीत ती पाळली गेली की नाही यावर पुढे दोन मतं पडली. पेनिसिलिन दिल्यावर थोड्याच वेळात बाईचा श्वास अडकला, अंग लाल झालं, आणि ती खाटेवरून घसरली. धावपळ ऐकून आतल्या खोलीतून टायपिस्ट बाहेर आली. तिने लांबून बाईचा चेहरा बघितला आणि उलट दिशेने पळाली. डॉक्टरांना वाटलं घाबरून पळाली. ती समोरच्या ट्रस्टच्या शाळेत गेली होती, जुन्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी घालायला. पाऊण तासाने ती एक छापील कागद घेऊन आली. माहेरच्या नावाचं कार्ड होतं, तीन वर्षांपूर्वीचं. पहिल्या बाळंतपणानंतर ताप, पेनिसिलिन, रिॲक्शन, पुन्हा कधीही देऊ नये. शेवटी एस.

बाई वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही.

डॉक्टरांनी तो कागद व्हरांड्यातच मोठ्याने वाचला. त्यांना राग दवाखान्याचा आला होता, पण ऐकायला सासूही उभी होती. "म्हंजी ह्यांना ठावं हुतं," ती म्हणाली. "समद्यांला ठावं हुतं. आमालाच न्हाई." त्यानंतर ती सुनेच्या खाटेकडे फिरकली नाही. सुनेला घरी सोडलं त्या दिवशी न्यायला फक्त तिचा बाप आला होता.

चौकशी अध्यक्षांच्या खोलीत झाली. अध्यक्ष, डॉक्टर आणि मी खुर्चीवर, ती उभी. तिला बसा असं कुणी म्हणालं नाही. माझ्या कपाटातल्या फायलीत लाल रेघांची ती यादी माझ्या सहीसकट होती. मी कधीही कागद फेकला नाही. पण ती फाइल मी बरोबर नेली नव्हती.

"हा रकाना नव्यात का आला नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

मी शांतपणे बोलले. "जुना प्रोग्रॅम यांनी कुणाच्याही सूचनेशिवाय केलेला होता. त्यात काय आहे याचं इंग्रजीतलं लेखी टिपण मी मागितलं होतं. ते स्वीकारण्याजोगं मिळालं नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. शब्द निवडणं मला शाळेपासून येत होतं.

"मी दिलं होतं," ती म्हणाली. "मराठीत पण दिलं होतं. अठरा पानं."

"कुठं आहेत?" अध्यक्ष.

"मॅडमनी परत दिली. घरी आहेत. मी आत्ता घेऊन येते, अर्ध्या तासात."

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. "आता आणून काय उपयोग." मग त्यांनी छापील कागद उचलला. "आणि हे एस म्हणजे काय?"

तिने सांगितलं. सासूला चहाला पाठवायचं तेही सांगितलं.

"हे कुठल्या नियमात बसतं?"

"नियमात नाही, साहेब. पण पाच वर्षांत त्यामुळे कुणाला काही झालं नव्हतं."

डॉक्टर काहीतरी बोलायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मेहुणीच्या नेमणुकीचा कागद तेव्हा माझ्या टेबलावर होता, आणि ते आम्हा दोघांनाही आठवलं. त्यांनी चष्मा पुसला.

"रकाने कोणते ठेवायचे हे कुणी ठरवलं?" अध्यक्षांनी शेवटी विचारलं, कागद गोळा करता करता.

ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. मी बोलेन अशी तिची खातरी असावी.

"कंपनीने," मी म्हणाले. "आमच्याकडून मिळालेल्या माहितीवरून."

कायम जागेचा अहवाल मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. त्यात जे लिहिलं ते लिहायला कुणी मला भाग पाडलं नाही, माझी नोकरीही धोक्यात नव्हती. खरं लिहिलं असतं तर झालं असतं ते इतकंच, की अध्यक्षांसमोर मला एकदा चुकले म्हणावं लागलं असतं. मी लिहिलं की सदर कर्मचारी कष्टाळू आहेत, परंतु नियमबाह्य पद्धतीने काम करण्याची सवय, वरिष्ठांची परवानगी न घेता नोंदी ठेवणं आणि इंग्रजीचं अपुरं ज्ञान लक्षात घेता कायम जागेसाठी त्यांची शिफारस करता येत नाही. "परंतु"च्या आधीचा भाग मी दोनदा वाचला आणि मला स्वतःच्या न्यायबुद्धीचं समाधान वाटलं. कायम जागा खिडकीवरच्या मुलीला मिळाली. टायपिस्टची सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा मी एकच आदेश टाइप केला, कमी करण्याचा.

ती अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला आली. नेवाशाकडच्या एका दूध संघात कॉम्प्युटरवर माणूस हवा होता, मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. मी तिच्यासमोरच टाइप केलं, सुंदर इंग्रजीत: हंगामी टंकलेखक म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली. दोन प्रती. एक तिला, एकीवर पोच म्हणून तिची सही घेऊन दप्तरी.

तिने उभ्या उभ्या वाचलं. "मॅडम, यात प्रोग्रॅम मी केला एवढं घाला. एक ओळ."

"नोंदीत तसं काही नाही."

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असण्याचा प्रश्न नाही. तुम्हाला प्रोग्रॅम करण्याचा आदेश कधी निघालेला नाही. मी कशावरून लिहू?"

"त्या दूध संघात विचारतील मला, की काय येतं तुम्हाला."

"तर सांगा."

तिने पेन घेतलं, ऑफिसच्या प्रतीवर सही केली, आणि कागद उलटा ठेवून निघून गेली. ती गेल्यावर मी तो सरळ केला. सहीच्या खाली तिने मराठीत लिहिलं होतं: या दवाखान्याचा रुग्ण नोंदणीचा पहिला प्रोग्रॅम मी लिहिला.

मी खिडकीतून पाहिलं, ती फाटकाजवळ रिक्षाला हात करत होती. मी शिपायाला पाठवलं. सांग की पोच बरोबर नाही, आणि पोच बरोबर नसेल तर प्रमाणपत्र रद्द होतं. ती परत आली. तोवर मी ऑफिसची प्रत नव्याने टाइप करून ठेवली होती. जुनी तिच्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकली. आयुष्यात मी फाडलेला तो पहिला दप्तरी कागद.

"इथे," मी म्हणाले. "फक्त सही."

तिने पेन घेतलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मग तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं. खाली काही लिहिलं नाही.

तुम्ही हसलात म्हणून लिहिलं. माफी मागण्यासाठी नाही. ज्यांची मागायची त्या दोघी तुम्ही नाही, आणि त्या कुठे आहेत हे शोधायचा मी कधी प्रयत्न केला नाही. त्या दिवशी ती फाटकाबाहेर गेल्यावर मी प्रतीला दोन भोकं पाडली, तारखेच्या क्रमाने फायलीत लावली, आणि डबा उघडून जेवायला बसले.